अमेरिकन उस्तादाची फुली

दोहा, कतार
१४ सप्टेंबर १९८०

मित्रा मच्छिंद्र,

वर्षातून एकदा दिवाळीचं कार्ड टाकणारा केरबा आज पानंच्या पानं लिहितोय म्हणून घाबरू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात वाजणारं लाकूड आलंय, आणि ते तुझ्याशिवाय सांगायचं कुणाला?

इथं मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. प्लायवूड कापतो, वर फॉर्मायका चिकटवतो, अरबांच्या स्वयंपाकघरांची कपाटं बनवतो. अबूबकर फोरमन सकाळी ‘यल्ला, यल्ला’ करत हाकतो आणि संध्याकाळी ‘खलास’ म्हणाला की अल मुंतझातल्या खोलीवर परत. सहा माणसं, एक स्टोव्ह. मिरजेत इब्राहीम उस्तादांच्या दुकानात तू आणि मी शेजारी शेजारी बसून तंबोऱ्याचे भोपळे कापायचो, हे इथं कुणाला सांगितलं तर थाप वाटते.

मागच्या आठवड्यात तेलाच्या कंपनीतल्या एका अमेरिकन साहेबाकडे कपाट बसवायला गेलो होतो. कोपऱ्यात एक लहानशी गिटार उभी. पोट फुगलेलं, तारा बांधायची घोडी अर्धी उचकटलेली. ऑगस्टमध्ये बंद गाडीत विसरला होता म्हणे. मी विचारलं, “साब, मैं देखूं?” तो म्हणाला, “तुम तो कारपेंटर है.” मी म्हटलं, “कारपेंटर यहाँ आके बना.”

साहेबाच्या पणजीच्या आईची आहे ती. सव्वाशे वर्षं झाली. ज्यानं केली त्याचं नाव मानेच्या मागं ठोकलंय, पण अर्धी अक्षरं झिजलीत आणि उरलेली माझ्या जिभेला वळत नाहीत. आपण त्याला अमेरिकन उस्ताद म्हणू. आधी खुर्च्या करायचा, मग गिटारी करायला लागला, असं साहेबाच्या घरात सांगतात. आमच्या ड्रायव्हरच्या, पोपटरावच्या, गाडीचा फुटका आरसा आत सारून बॅटरी मारली, तर पुढच्या फळीच्या, आपल्या भाषेत तबलीच्या, आतल्या अंगाला दोन लाकडी पट्ट्या, एकमेकींवरून गेलेल्या, सरळ फुली मारल्यासारख्या! साहेब म्हणतो, ही युक्ती त्याची की त्याच्या वेळच्या आणखी कुणाची ते नक्की माहीत नाही, पण आज जगभर पोलादी तारांच्या गिटारींत हीच फुली असते. आणि म्हाताऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही.

त्या फुलीची एक पट्टी सुटलीय. सुटल्या जागी बोट ओलं करून घासलं आणि वास घेतला. मच्छिंद्रा, सरस! जनावराच्या कातड्याचा, आपण शिजवतो तोच. इथं मिळतो तो पांढरा डिंक, एकदा चिकटला की पुढच्या कारागिराला जोड उघडताच येत नाही. तो मी या गिटारीला लावणार नाही. दोन वड्या सरस पाठव. पोपटराव आता तिकडे तासगावला रजेवर आलाय, महिनाअखेर परत निघेल, त्याच्या हाती दे.

फुलीचं चित्र काढून जोडलंय. उस्तादांना पत्र वाचून दाखव आणि विचार, तबली आतून अशी बांधली तर आवाज कोंडतो का सुटतो?

भिंतीवरचा तंबोरा आहे ना जागेवर? आणि जवारीच्या कानशींची पेटी अजून बंदच का? सहज विचारतो आपला.

तुझा,
केरबा


मिरज
९ ऑक्टोबर १९८०

केरबा,

पत्र पोचलं. एवढं लांबलचक पत्र आलेलं बघून पोस्टमनलाही कौतुक वाटलं. आमच्या पत्त्यावर कौतुक तुझ्याच नावानं येतं, त्याची सवय आहे.

उस्तादांना पत्र वाचून दाखवलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, आता सगळं हाताच्या चाचपणीवर चालतं. फुलीबद्दल विचारलं. म्हणाले, परक्याच्या वाद्यात हात घालू नये, नाही जमलं तर मिरजेचं नाव जातं. हे त्यांचं म्हणणं. माझं काही नाही.

तू सहज विचारलंस, मी सहज सांगतो. पेटी बंदच आहे. उस्तादांच्या कानशी, आजोबांपासून चालत आलेल्या, ज्यांनी घोडीवर दोन बोटं फिरवली की तारेतला तो भुंगा जागा होतो, त्या सगळ्या पेटीत आणि किल्ली उस्तादांच्या कंबरेला. दुकान मी उघडतो, भोपळे मी आणतो, गिऱ्हाईकाची बोलणी मी खातो. जवारी लावायची तर माझ्या बाजारातल्या कानशीनं. कधी विषय काढला तर म्हणतात, “केरबा येऊ दे, मग बघू.” पाच वर्षं मी ‘मग बघू’च्या पाटावर बसलोय.

आणि तंबोरा? जागेवर आहे की! तो कुठं जातो? कुणी जरा जाणता माणूस आला की उस्ताद तो भिंतीवरून काढायला सांगतात. मला. मी काढतो, पुसतो, मांडीवर देतो. ते चार तारा छेडतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, “हा केरबाचा हात.” सात वर्षं हे वाक्य ऐकतोय. तुझ्यापासून काय लपवायचं, माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तू समोर असतास तर निदान भांडता तरी आलं असतं. इथं नसलेल्या माणसाशी काय भांडू?

पोपटरावाकडे सरसाच्या दोन वड्या दिल्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्या अमेरिकन साहेबाला सांग, मिरजेहून आलाय.

मच्छिंद्र


दोहा
२८ नोव्हेंबर १९८०

प्रिय मच्छिंद्र,

रागावू नकोस, उस्ताद नको म्हणाले तरी मी हात घातला. राहवलं नाही. सरस मिळाला. तू चिडलेला असलास तरी पाठवलास, हे मी विसरणार नाही.

शुक्रवारची सुटी आणि रोजचा संध्याकाळचा तास, असं सहा आठवडे काम केलं. साहेबानं गॅरेजमध्ये टेबल दिलं. पोलादी तारा काढून नायलॉनच्या लावायला लावल्या, कारण त्या जुन्या तबलीला पोलादाची ओढ सोसतच नव्हती. सुटलेली पट्टी पोटावरच्या गोल भोकातून हात घालून बसवली. आतून टेकू दिला, दोन दिवस हलवलं नाही.

आता माझी फजिती ऐक. घोडीवरची हाडाची पट्टी झिजली होती, म्हणून कसायाकडून उंटाचं हाड आणून नवी केली. पहिली तार लावली, छेडली. आवाज कसा? स्वच्छ, पण बंद, दार लावल्यासारखा. माझा हात आपसूक कानशीकडे गेला. घासत गेलो, ऐकत गेलो, घासत गेलो, आणि मच्छिंद्रा, भुंगा जागा झाला! काय जवारी उघडली म्हणून सांगू! मी खूश होऊन साहेबाला बोलावलं. त्यानं वाजवली आणि घाबरून आत बघायला लागला. “इसमें मधुमक्खी गया क्या?” गिटारीत तार झणझणली तर तो दोष धरतात, मला काय ठाऊक! उंटाचं दुसरं हाड आणून पुन्हा पट्टी केली, या वेळी हात बांधून ठेवल्यासारखे आवरले.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. सुटलेल्या पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीनं काही लिहिलेलं दिसलं. साहेबानं आरसा धरून वाचलं. हेन्री, आणि साल १८५२. म्हणजे बाहेर ठोकलेलं नाव मालकाचं, आणि आत, कुणाला कधी दिसणार नाही अशा ठिकाणी, कामगाराचं. साहेबाच्या चार पिढ्यांना माहीत नव्हतं.

मला माझं आठवलं. आपण दोघांनी ती तंबोऱ्याची जोडी केली होती ना, एका लाकडाची, एक तुझा एक माझा? माझ्या तंबोऱ्याच्या तबलीला आतून खिळ्यानं ‘के’ कोरला होता मी. उस्तादांच्या दुकानाची चिठ्ठी बाहेर, आणि आत माझं अक्षर. कुणाला बोललो नव्हतो. तुला पहिल्यांदा सांगतोय.

साहेबाच्या घरी पुढच्या महिन्यात मंडळी जमायची आहेत. साहेबाची बाई गाणार, साहेब वाजवणार. मलाही बोलावलंय, कपाट बसवायला नव्हे, ऐकायला. साहेब म्हणतो, इथल्या सगळ्या गोऱ्यांच्या गिटारी, पियानो तुझ्याकडे पाठवतो. खरंच झालं तर प्लायवूडला सलाम. इन्शाल्ला, इथल्यासारखं म्हणायचं तर.

तुझा,
केरबा


मिरज
२२ डिसेंबर १९८०

केरबा,

अभिनंदन. तुझ्या फजितीवर हसलो. बाकी पत्र उस्तादांना वाचून दाखवलेलं नाही, त्यांना बरं नाही.

इकडे थंडी आहे. उस्तादांची लेक, आपली ताहेरुन्निसाआपा, अब्बांसाठी रोज काढा करते. भिंतीवरचा तंबोरा तसाच आहे.

मच्छिंद्र


दोहा
११ जानेवारी १९८१

प्रिय मच्छिंद्र,

हे पत्र लिहायला हात उचलत नाही, पण दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगतो.

जोड सुटला. तोही कुठं, तर साहेबाच्या दिवाणखान्यात, वीस-पंचवीस माणसांसमोर. मी पोपटरावचा इस्त्रीचा शर्ट घालून कडेच्या खुर्चीवर बसलो होतो. साहेबानं आधी सगळ्यांना माझं नाव सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसरं गाणं चालू असताना पोटातून काड्कन आवाज आला आणि पट्टी आत पडून खुळखुळायला लागली. तबली खाली बसली. हेन्रीच्या पट्टीचं एक टोक मोडलं. सव्वाशे वर्षं टिकलेलं नाव माझ्या हातून मोडलं बघ.

साहेब ओरडला असता तर बरं झालं असतं. “इट्स ओके, केरबा” म्हणाला आणि गिटार पेटीत ठेवून दिली. त्यानंतर बोलावणं नाही. कुणाचा पियानो आला नाही, येणारही नाही. सोमवारी अबूबकर हसून म्हणाला, “म्युझिक खलास? चलो, किचन बनाओ.”

मी शंभरदा विचार केला. लाकूड साफ होतं, टेकू बरोबर होता, सरस मिरजेचा होता. मग उरलं काय? माझा हात. पाच वर्षं फॉर्मायका चिकटवून हात मेला, मच्छिंद्रा. मला वाटत होतं, कधीही परत गेलो तरी पाट माझाच आहे. नाही. जो पाटावर बसून राहिला, त्याचा पाट.

हे पत्र मात्र उस्तादांना वाच. माझ्या नावानं सांग, केरबाची वाट बघू नका, पेटी मच्छिंद्राला द्या. मी मनापासून म्हणतोय असं लिहिलं तर खोटं होईल. हे लिहिताना तुझ्या हातात त्या कानशी दिसतायत आणि बघवत नाहीत. पण सांग.

केरबा


मिरज
३ मे १९८१

केरबा,

चार महिने उत्तर दिलं नाही. आता देतोय ते शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नकोस.

तुझं पत्र उस्तादांना वाचलं. ‘सरस मिरजेचा होता’ एवढं गाळून शब्दन् शब्द वाचला. आजवर तुझं एवढं एकच पत्र त्यांना जवळजवळ पूर्ण वाचून दाखवलंय. पहिलं वाचलंच नव्हतं. ‘परक्याच्या वाद्यात हात घालू नये’ हे उस्ताद कधी बोललेच नाहीत, ते मी रचलं. फुलीचं चित्र माझ्या गादीखाली आहे.

मला वाटलं होतं, आता कंबरेची किल्ली सुटेल. उस्ताद ऐकत राहिले. मग म्हणाले, “केरबाचा जोड सुटायचा नाही. त्याला विचार, सरस कुठला होता?” मी म्हटलं, “तिथलाच असेल, अब्बा.” ते म्हणाले, “मग तेच. माझ्या हयातीत पेटी केरबाचीच. लिही त्याला, ये म्हणावं.”

नाही लिहिलं. उलट डोक्यात सणक गेली. भर सभेत तुझा पचका झाला तरी तू वर, आणि सगळं करून सवरून मी खाली! समोर भिंतीवर तो तंबोरा. मला तुझा ‘के’ आठवला. चैत्राच्या उन्हानं तबलीचा जोड तसाही किंचित उकलला होता. उस्तादांना म्हटलं, दुरुस्त करतो. खरं सांगू? आतला ‘के’ घासून काढायला मी ती तबली उघडली. तुझं नाव बाहेरून पुसता येत नव्हतं, म्हणून आतून.

आत ‘के’ नव्हता.

सगळी तबली उन्हात धरून पाहिली. मग पटाशीचे घाव पाहिले. बाहेरून घासून पॉलिश केलं की सगळे तंबोरे सारखे, पण आतून कोण घासत बसतो? सगळे घाव उजवीकडून डावीकडे उतरलेले. केरबा, त्या दुकानात डावखुरा एकच माणूस आहे.

तो माझा तंबोरा आहे. सात वर्षं, आठ वर्षं, मी ज्याच्यावर जळत होतो तो माझाच हात होता. जोडी पुरी झाली तेव्हा मी भोपळे आणायला गेलो होतो. आलो तर एक तंबोरा धारवाडचे गवई घेऊन गेले होते आणि उरलेला उस्तादांच्या मांडीवर. “हा केरबाचा हात,” असं ते म्हणत होते आणि तू शेजारी उभा होतास. खुंटीजवळची लाकडाची नस मला ओळखीची वाटली होती. पण तू बोलला नाहीस, म्हणून मी मान खाली घातली.

आज तुझी सगळी पत्रं काढून वाचली. ‘भिंतीवरचा तंबोरा’ लिहितोस. त्या भिंतीवरच्याला ‘माझा’ एकदाही म्हटलं नाहीस. तुला ठाऊक होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

आणि आता माझं. तुला मी पाठवलेला सरस मेलेला होता. भांड्याला उकळी फुटली होती, टाकून द्यायचा होता. उस्तादांनी आपल्याला पहिल्या दिवशी काय शिकवलं? सरसाला उकळी फुटू द्यायची नाही, फुटली की त्याची पकड जाते, वरून दिसतो तसाच. तो मी वाळवून वड्या पाडल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळल्या. तुझा हात मेलेला नाही. मी मेलेला सरस दिला.

तासगावचा एक वेल्डर दोह्याला निघालाय, त्याच्याबरोबर चांगल्या वड्या देतोय. वापर नाहीतर समुद्रात टाक.

मच्छिंद्र


दोहा
७ जून १९८१

मच्छिंद्र,

हो. ठाऊक होतं.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवलो नाही. खोलीतल्यांना वाटलं घरून वाईट बातमी आलीय. तुला द्यायच्या शिव्या मनात जमवत होतो. कामाला जाताना पोपटरावच्या पिकअपमध्ये बसून एक एक आठवत होतो, मिरजेच्या बाजारातल्यासुद्धा. वीस माणसांसमोर मान खाली घालायला लावलीस तू मला. पाच महिने मी स्वतःच्या हातांकडे बघत नव्हतो. हे मी विसरणार नाही, आणि विसरलो म्हटलं तर विश्वास ठेवू नकोस.

पण शिव्या लिहायला बसलो की त्या आठ वर्षांपूर्वीच्या दुपारी अडखळतो. धारवाडच्या गवयांनी माझा तंबोरा उचलला, सौदा झाला, ते गेले. मग उस्तादांनी उरलेला मांडीवर घेतला. तार छेडली. मच्छिंद्रा, काय आवाज तो! माझ्यापेक्षा तो बरा होता, आणि तो तुझा होता. तेवढ्यात उस्ताद डोळे मिटून म्हणाले, “हा केरबाचा हात.” मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. मग तू दारात आलास, डोक्यावर भोपळ्यांचं पोतं, आणि तोंड मिटलं. एक क्षण म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर पुन्हा तेच. जितके दिवस गेले तितकं अवघड झालं. शेवटी त्या भिंतीसमोर बसवेना. लोक म्हणाले, केरबा गल्फला कमवायला गेला. मी पळून आलो होतो.

‘के’चं तुला का लिहिलं? चुकून की मुद्दाम, माझं मलाच कळत नाही. हेन्रीचं नाव वाचल्यावर हातून लिहून गेलं.

तुझा नवा सरस आला. समुद्रात टाकणार होतो. मग साहेबाकडे गेलो आणि दारातच म्हटलं, “साब, सरस खराब था. हात ठीक है. एक बार और दो.” त्यानं गिटार आणून दिली. हेन्रीच्या पट्टीचं मोडकं टोक जोडलं, पट्टी पुन्हा फुलीत बसवली. आठवडाभर मुद्दाम बिनएसीच्या गॅरेजमध्ये ठेवली. या उन्हात पत्र्यावर हात ठेववत नाही. जोड हललेला नाही. काल साहेबानं वाजवली. या वेळी पाहुणे नव्हते, आम्ही दोघंच.

पट्टी बसवण्याआधी मी साहेबाला विचारून हेन्रीच्या नावाशेजारी पेन्सिलीनं एक नाव लिहिलं. मराठीत. तुझं. मी लाटलेलं परत करायला माझ्याकडे दुसरी जागा नव्हती. साहेब रिटायर झाला की ती गिटार अमेरिकेला जाईल आणि शंभर वर्षांनी कुणी आरसा सारील तर विचारत बसेल, हा मच्छिंद्र कोण. ते लिहितानासुद्धा मनात आलं, काम माझं आणि नाव याचं का? असा आहे मी.

उस्तादांना आता सगळं सांग. माझं हे पान वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस.

केरबा


मिरज
१९ जुलै १९८१

केरबा,

वाचलं. तुझं पानही वाचलं आणि माझ्या सरसाचंही सांगितलं. ताहेरुन्निसाआपा दारात उभी राहून ऐकत होती, तिनं पदर तोंडाला लावला. उस्तादांनी हात पुढे केला. म्हणाले, “तबली दे.” मी अजून चिकटवली नव्हती. त्यांनी ती मांडीवर पालथी घेतली आणि घावांवरून अंगठा फिरवत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोनदा. मग म्हणाले, “डावखुरा.”

मी त्यांच्या पायाशी बसलो. आठ वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते वाक्य आता येणार म्हणून कान टवकारले. ‘हा मच्छिंद्राचा हात.’ एवढंच म्हणायचं होतं त्यांनी.

ते म्हणाले, “मग केरबाचा कुठंय?”

म्हटलं, “धारवाडला.”

“हा जर तुझा असेल,” उस्ताद म्हणाले, “तर केरबाचा याहून बरा असणार. आणवून घे. दोन्ही ऐकल्याशिवाय मी पेटी उघडत नाही.”

माझ्याकडे बघायला तू हवा होतास. आधी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मग राग आला, मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. आपा घाबरून आत गेली. उस्तादही हसायला लागले, कशाला ते त्यांनाच ठाऊक. नंतर त्यांनी फुलीचं चित्र मागितलं. मी त्यांचं बोट धरून रेघांवरून फिरवलं. म्हणाले, “आवाज कोंडत नाही. दोघं एकमेकांना धरून ठेवतात म्हणून तबली पातळ ठेवता येते. शहाणा होता म्हातारा.” तुझ्या दहा महिन्यांपूर्वीच्या प्रश्नाचं हे उत्तर. या वेळी खरंच त्यांचं आहे.

धारवाडच्या गवयांना पत्र टाकलंय. दिवाळीत तंबोरा चार दिवस द्यायला ते कबूल आहेत. पण तू आल्याशिवाय मी तो दुकानात आणणार नाही. मला झोप येत नाही रे. उस्ताद म्हणतात ते खरं निघालं तर? तू लिहितोस माझा बरा होता. तुझ्या तोंडून ऐकलं, आता कानानं ऐकू दे. तुझा बरा निघाला तरी मला चालेल. चालणार नाही, पण निघायचा असेल तर तू समोर असताना निघू दे. तुझ्या माघारी मी आता काही ऐकून घेणार नाही.

रजा काढून ये. माझ्या तंबोऱ्याची तबली तशीच उघडी ठेवलीय, ती आपण दोघांनी मिळून बसवू.

सरस तू आल्यावर शिजवू. भांड्याजवळ तूच बस.

तुझा,
मच्छिंद्र